सायक्लोहेक्झॅनॉल थंडीत गोठतं ही तक्रार नाही, न गोठलेला ड्रम ही तक्रार आहे

निफाडचा पारा सहा-सातवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि आमच्या शेडमध्ये सायक्लोहेक्झॅनॉलचे (आमचा कच्चा माल, एक अल्कोहोल) ड्रम दगड होतात. नाशिकजवळच्या एका छोट्या केमिकल युनिटमध्ये मी प्रॉडक्शन आणि क्यूसी म्हणजे मालाची तपासणी, दोन्ही बघते (छोट्या युनिटमध्ये तसंच असतं). सलग तीन हिवाळे आमच्याकडे एकच रडगाणं चाललं होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी काही बॅचेस फेल, काही पास, आणि कारण सापडत नाही. सापडल्यावर मात्र इतकं साधं निघालं की स्वतःचाच राग आला. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते कळेल.

आम्ही एका ॲसिड क्लोराइडची सायक्लोहेक्झॅनॉलशी प्रक्रिया करून एस्टर बनवतो. तयार मालाची ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे त्यात उरलेल्या ॲसिडचं माप, एका मर्यादेत असावी लागते. उन्हाळ्यात कधीच त्रास नाही. थंडीत मात्र एकाच ड्रममधून काढलेल्या मालाची सकाळची बॅच फेल जाते आणि दुसऱ्या दिवशीची पास होते. कच्च्या मालाच्या मॉइश्चरचे आकडेही विचित्र. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर ०.१ टक्का, आमच्या कार्ल फिशरवर (पाणी मोजायच्या मशीनवर) ०.५ टक्का. दुपारी पुन्हा लावलं की ०.२. आम्ही मशीनवर संशय घेतला, रिएजंट बदललं, सॅम्पल काढणाऱ्या पोराला बोललो. पुरवठादाराशी तर एवढी भांडणं झाली की त्याने एकदा आपला माणूस पाठवला. त्याने दुपारी तीन वाजता सॅम्पल घेतलं, त्याच्या बाजूने आकडा आला, आणि आम्ही तोंडावर पडलो.

आता हे द्रव्य काय आहे ते थोडक्यात. सायक्लोहेक्झॅनॉल म्हणजे सहा कार्बनचं कडं आणि त्यातल्या एका कार्बनला अल्कोहोलचा गट. उकळतं १६१ अंशाला. वास कापरासारखा. वितळण्याचा बिंदू शुद्ध असेल तर साधारण २५ ते २६ अंश सेल्सिअस. खोबरेल तेलाचाही त्याच आसपासचा. त्यामुळे मला हवामानखात्याची गरज पडत नाही, घरी बाथरूममधली खोबरेलाची बाटली गोठली की समजायचं, ड्रमही गोठले. जगातलं बहुतेक सायक्लोहेक्झॅनॉल नायलॉनच्या वाटेला जातं. नायट्रिक ॲसिडने ऑक्सिडेशन केलं की ॲडिपिक ॲसिड, त्यातून नायलॉन ६,६, किंवा आधी सायक्लोहेक्झॅनोन, मग कॅप्रोलॅक्टम, त्यातून नायलॉन ६. संक्रांतीला येवल्यात ज्या नायलॉन मांजामुळे पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतात (२०१७ पासून बंदी आहे, तरी विकला जातोच), त्याचंही मूळ हेच. सॉल्व्हंट म्हणून जो थोडा माल विकला जातो तो लॅकर, रेझिन, कातड्याचं आणि कापडाचं फिनिशिंग, साबण यांत जातो. नायट्रोसेल्युलोज लॅकरमध्ये हळू उडणारं सॉल्व्हंट म्हणून हे घालतात, म्हणजे पावसाळी हवेत फिल्मवर पांढरी झाक येत नाही. साबणात घालायची रीत फार जुनी, तेव्हा हे हेक्सालिन या नावाने विकलं जायचं.

आमच्या भानगडीशी संबंध असलेला गुणधर्म मात्र वेगळाच आहे, आणि तो ड्रमच्या लेबलवर लिहिलेला नसतो.

कापूर आणि सायक्लोहेक्झॅनॉल यांचं साम्य फक्त वासाचं नाही. दोन्ही घन असताना मऊ, मेणासारखी असतात. त्यांचे रेणू जाळीत आपापल्या जागी बसलेले असतात, पण जागच्या जागी गरगर फिरत असतात. म्हणजे घन असतानाच अर्धी मोकळीक मिळालेली असते. त्यामुळे वितळायला फार थोडी उष्णता लागते. बर्फाला ग्रॅममागे ३३४ ज्यूल लागतात, सायक्लोहेक्झॅनॉलला अठराच्या आत. आणि ज्याला वितळायला इतकं थोडं लागतं, त्याच्यात परकं काही मिसळलं की वितळण्याचा बिंदू धाडकन खाली येतो. एक किलो पाण्यात एक मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) काहीतरी विरघळवलं तर गोठणबिंदू १.८६ अंशाने उतरतो. सायक्लोहेक्झॅनॉलमध्ये हाच आकडा ३९च्या वर आहे. कापराचाही जवळपास तेवढाच. म्हणून तर कॉलेजात रास्टच्या पद्धतीने रेणुभार काढायला कापूर वापरायचो.

त्यात पाण्याचा रेणू हलका, १८चा. म्हणजे वजनाने थोडंसं पाणीसुद्धा मोलच्या मोजणीत भरपूर होतं. हिशेब केला तर ०.१ टक्का पाण्याने वितळण्याचा बिंदू दोन अंशांहून थोडा जास्त उतरतो. पाणी वाढत गेलं की हा हिशेब सरळ रेषेत राहत नाही, पण अर्ध्या टक्क्यापर्यंत अंदाजाला पुरतो.

आता हे शेडमधल्या ड्रमला लावून बघा. सकाळी आठ वाजता शेडचं तापमान १४ अंश. ड्रम अर्धवट गोठलेला. गोठताना स्फटिक बनतात ते बऱ्यापैकी कोरडे, पाणी उरलेल्या द्रवात साठत जातं. १४ अंशाला जो द्रव अजून द्रव आहे, त्यात किती पाणी असलं पाहिजे? बिंदू १२ अंशांनी उतरवण्याइतकं, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. ड्रममध्ये एकूण पाणी ०.१ असो की ०.३, वरून काढलेल्या द्रवात आकडा तोच येणार. फरक एवढाच की ०.१वाल्या ड्रममध्ये द्रव थोडा असेल आणि ०.३वाल्यात अर्ध्याहून जास्त. दुपारी शेड २२ अंशावर गेली की काही स्फटिक वितळतात आणि द्रवातलं पाणी ०.२च्या खाली येतं.

म्हणजे आम्ही तीन हिवाळे ड्रममधलं पाणी मोजतच नव्हतो. अठरा हजारांचं रिएजंट वापरून शेडचं तापमान मोजत होतो.

घरातलं उदाहरण हवं असेल तर थंडीतलं रवाळ तूप बघा. वर पातळ, खाली कणी. चमचा वर फिरवला तर एक तूप मिळतं, तळाला खुपसला तर दुसरं. बरणी एकच.

बॅच फेल का जायची तेही इथेच सुटलं. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण १०० किलो सायक्लोहेक्झॅनॉल म्हणजे साधारण एक किलोमोल, आणि त्यातलं अर्धा किलो पाणी म्हणजे ०.०२८ किलोमोल. वजनात अर्धा टक्का, रेणूंच्या मोजणीत पावणेतीन टक्के. एवढं ॲसिड क्लोराइड पाणी खाऊन टाकतं आणि त्याचं ॲसिड होऊन मालात बसतं. सकाळी ड्रमवर पातळ दिसलं की ऑपरेटर आधी तेच ओढणार, कारण लवकर सुटायचं असतं. ती बॅच फेल. उरलेला कोरडा गोळा दिवसभर वितळून दुसऱ्या दिवशी जातो, ती बॅच पास. बॅचशीटवर आम्ही ड्रमचा नंबर लिहीत होतो, ड्रममधून कितव्यांदा काढलं ते लिहीत नव्हतो. तो एक रकाना वाढवला आणि दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं.

यातलं सगळ्यात गमतीचं पात्र म्हणजे आमचा पाचवा ड्रम. गेल्या जानेवारीत शेड १२ अंशावर, चार ड्रम पक्के गोठलेले आणि पाचवा मस्त वाहता. आमचे स्टोअरचे मामा खूश. "मॅडम, हा ड्रम शहाणा आहे, हा कधी गोठत नाही. आधी हाच लावतो." मीही "लावा" म्हटलं असतं, पण तोवर वरचा हिशेब डोक्यात होता. १२ अंशाला संपूर्ण ड्रम द्रव राहायचा तर त्यात ०.६ टक्क्याहून जास्त पाणी हवं. ढवळून सॅम्पल लावलं, ०.८ निघालं. मामांना विचारलं तर कळलं की हा ड्रम पावसाळ्यात जागा नव्हती म्हणून बाहेर उभा होता. बुचाचं गास्केट फाटलेलं. उभ्या ड्रमच्या डोक्यावर कडेच्या आत पाणी साचतं, दिवसा ड्रम तापतो, रात्री थंड होतो, आणि थंड होताना आत खेचतो. श्वास घेतो म्हणा ना. सायक्लोहेक्झॅनॉल दहा टक्क्यांहून जास्त पाणी पोटात घेऊ शकतं, तेही गढूळ न होता, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही.

आपल्याकडे आज्या म्हणतात ना, थंडीत गोठलं तर खोबरेल खरं? इथे अगदी तसंच आहे. गोठलेला ड्रम बहुतेक चांगला. वाहता ड्रम आधी बाजूला काढा.

आता उपाय. आमच्याकडे जे चाललं ते सांगते.

पहिला नियम, ड्रम पूर्ण वितळल्याशिवाय त्यातून थेंबही काढायचा नाही, सॅम्पलसुद्धा नाही. वितळला की नाही हे वरून बघून कळत नाही. बूच काढून स्वच्छ, कोरडा स्टीलचा दांडा तळापर्यंत फिरवायचा, मऊ गोळा लागला तर अजून ठेवायचा. त्यानंतर ड्रम लोळवून किंवा पंपाने फिरवून एकजीव करायचा, मगच सॅम्पल.

वितळवायला उष्णता फार लागत नाही. १९० किलोच्या ड्रमला नुसतं वितळवायला एका युनिटच्या आत वीज, आणि १२ वरून ३५ अंशावर न्यायला आणखी अडीच युनिटं. खरी अडचण उष्णता आतपर्यंत पोचण्याची आहे. गोळा उष्णता नीट वाहत नाही, आणि वितळलेला द्रवही ३० अंशाला पाण्याच्या पन्नासपट घट्ट, साधारण गोडेतेलासारखा, त्यामुळे आतल्या आत फिरत नाही. भिंतीजवळ तापतो आणि मध्ये गोळा तसाच. म्हणून घाई करून उपयोग नाही. आम्ही एक जुनी खोली बंदिस्त करून ४० ते ४५ अंशाची हॉट रूम केली, ड्रम दोन रात्री आत ठेवतो. हॉट रूम नसेल तर थर्मोस्टॅट असलेला बेल्ट हीटर, ५० अंशाच्या वर नाही.

बर्नर, शेगडी, ड्रमखाली पेटवलेलं काहीही नको. याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेते तो, ६८ अंशांच्या आसपास आहे. थंड ड्रमजवळ काडी ओढली तर काही होणार नाही, आणि तीच गोष्ट लोकांना बेफिकीर करते. पण आच लागलेल्या पत्र्याजवळचा द्रव पाहता पाहता ६८ ओलांडतो. मी एका शेडमध्ये ड्रमखाली लाकडं पेटवलेली पाहिली आहेत, तिथून मी सरळ बाहेर आले. तापवताना बूच सैल ठेवा, नाहीतर खालचा द्रव फुगतो आणि वरचा गोळा त्याला कोंडून धरतो. पण बूच पूर्ण काढू नका, नाहीतर पुन्हा हवेतलं बाष्प आत.

वासाबद्दलही एक. कापरासारखा वास म्हणून कुणाला त्रासाचा वाटत नाही. पण आठ तासांच्या पाळीसाठी हवेतली मर्यादा ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) आहे, आणि हे कातडीतूनही शरीरात जातं. गरम ड्रम उघडला की वाफ थंड ड्रमच्या कितीतरी पट. डोळे चुरचुरले, डोकं जड झालं, म्हणजे एक्झॉस्ट लावायचा राहिला.

कार्ल फिशर मशीन नसेल तर हेच द्रव्य स्वतःचं मीटर आहे. पूर्ण वितळवून एकजीव केलेलं सॅम्पल मोठ्या परीक्षानळीत घ्या, नळी दहा अंशाच्या आसपासच्या पाण्यात धरा आणि थर्मामीटरने ढवळत राहा. ढवळणं महत्त्वाचं, कारण हे न गोठता बिंदूच्या खाली घसरत जातं आणि मग एकदम वर येतं. वर येऊन जिथे काही वेळ थांबतं तो आकडा लिहा. २४च्या वर असेल तर निश्चिंत वापरा. २१-२२ असेल तर ०.२ टक्क्याच्या आसपास पाणी समजा. दहा अंशाच्या पाण्यातही गोठलं नाही तर तो मामांचा शहाणा ड्रम. एक लक्षात ठेवा, बिंदू उतरायला पाणीच कारण असेल असं नाही. सायक्लोहेक्झॅनोन किंवा फिनॉलही उतरवतं. पण सायक्लोहेक्झॅनोनचा रेणू पाण्याच्या साडेपाचपट जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाला परिणाम पाचवा हिस्सा. म्हणजे बिंदू वर असेल तर माल नक्की चांगला, खाली असेल तर चौकशी करा. आणि ज्यांच्या मालात सायक्लोहेक्झॅनोन (हे एक कीटोन) बऱ्यापैकी आहे त्यांनी कार्ल फिशरला कीटोनसाठीचं वेगळं रिएजंट वापरावं, साध्या मेथॅनॉलवाल्यात कीटोन स्वतःच पाणी तयार करतं आणि आकडा फुगतो.

ओला ड्रम फेकायचा नाही. पाणी आणि सायक्लोहेक्झॅनॉल मिळून ९८ अंशांच्या जरा खालीच उकळतात, आणि त्या मिश्रणात पाण्याचाच वाटा मोठा, साधारण ऐंशी टक्के. म्हणजे डिस्टिलेशनच्या सुरुवातीलाच पाणी निघून जातं आणि त्याच्याबरोबर माल फार जात नाही. मात्र इथे दोन खोड्या आहेत. एक, कंडेन्सरला चिल्ड वॉटर लावू नका. सुरुवातीचा ओला भाग नीट वाहतो, सगळे निर्धास्त होतात, आणि कोरडा माल यायला लागला की तो कंडेन्सरच्या नळीतच गोठतो. गरम रिअॅक्टर आणि बंद नळी यापेक्षा वाईट जोडी नाही. पाणी तिशीच्या वरचं ठेवा. दुसरी खोडी, जुना, हवा लागलेला सायक्लोहेक्झॅनॉल पेरॉक्साइड धरतो, आणि ते तापून आटलं की स्फोट होऊ शकतो. डिस्टिलेशनआधी पट्टीने किंवा पोटॅशियम आयोडाइडने तपासायचं, आणि भांडं कधीही कोरडं होऊ द्यायचं नाही.

हे सगळं ज्यांना कोरडा माल लागतो त्यांच्यासाठी. तुम्ही थिनरवाले किंवा साबणवाले असाल तर माझं ऐकून ड्रम कोरडे करत बसू नका. तुमच्यासाठी पाणी हा आजार नाही, औषध आहे. पाण्याला हरकत नसेल तर ड्रम आल्या आल्या त्यात एक-दीड टक्का पाणी घालून एकजीव करा, आपल्याकडच्या थंडीत तो सहसा गोठणार नाही. किंवा थिनरमधलं दुसरं सॉल्व्हंट आधीच मिसळून ठेवा. माझ्या ओळखीचे एक पेंटवाले गृहस्थ अनेक वर्षं असंच करतात आणि मी हॉट रूम बांधली तेव्हा मनापासून हसले होते.

बीएस्सी, एमएस्सीच्या मुलांना प्रॅक्टिकलला सायक्लोहेक्झीन करताना हीच बाटली गोठलेली मिळते. बूच सैल करून ४० अंशाच्या पाण्यात ठेवा, पूर्ण वितळू द्या, आणि मोजपात्राने मोजू नका, वजन करा. घट्टपणामुळे मिलिलिटरभर तरी काचेलाच चिकटून राहतं आणि मग यील्ड कमी आला म्हणून तुम्ही फॉस्फोरिक ॲसिडला दोष देता.

आता साठवण. ड्रम आत, आडवे, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे बुचापर्यंत द्रव राहतो आणि हवा खेचली जात नाही. गास्केट दर वेळी बघायचं. अर्धा वापरलेला ड्रम नायट्रोजन सोडून बंद करायचा. पावसाळ्याआधी आलेला माल पावसाळ्यातच संपवायचा, दिवाळीनंतरचा माल वेगळ्या रांगेत.

गेल्या थंडीत ॲसिड व्हॅल्यूसाठी एकही बॅच परत घ्यावी लागली नाही. एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पंपापासून रिअॅक्टरपर्यंतची बारा मीटरची लाइन. ट्रान्सफर झाल्यावर नायट्रोजनने फुंकून काढतो, तरी खालच्या वळणात थोडं उरतं आणि सकाळी तिथे बूच बसलेलं असतं. मामा किटलीभर गरम पाणी घेऊन त्या वळणापाशी उभे असतात, आणि त्याआधी शेडमध्ये एक चक्कर मारून मला सांगतात, "मॅडम, आज पाचही गोठलेत."